बाटलीतले दोन थर

आंबेनळी घाट उतरताना जीपने एकदा आचका दिला, पुन्हा दिला आणि ती बंद पडली. दुपारचे तीन वाजले होते, पण धुक्यात बोनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं.

रघुवीरआबांनी हँडब्रेक ओढला. "सकाळीच नवा फिल्टर घातलाय. नळीत हवा धरली असंल."

शेजारी बसलेल्या सुनेला, इरावतीला, हे पटलं नाही. पण सकाळी सांगायचं ते तिने सांगितलं नव्हतं.

घाटातल्या त्यांच्या वाडीत पावसाळ्याआधी घरोघर डिझेलचा एक कॅन भरून ठेवतात. दरड आली की पोलादपूरच्या पंपाचा रस्ता आठ-आठ दिवस तुटतो. तोच कॅन, दोन महिने गोठ्याच्या वळचणीला उभा असलेला, सासऱ्यांनी आज टाकीत ओतला आणि तळाचं उरलं ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून नव्या फिल्टरमध्ये भरलं. कॅनच्या झाकणातली रबरी चकती गळून पडलेली तिने पाहिली होती; पावसाचं पाणी आत शिरायला तेवढं पुरे. फडकं कचरा अडवतं, पाणी नाही, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. पण आबा तीस वर्षं गाडी चालवत होते. त्यांच्या हातात चहाचा कप देऊन ती आत निघून गेली होती.

"आई," मागच्या सीटवरून अंकिता म्हणाली. तिचा कान ठणकत होता, तिलाच दवाखान्यात न्यायचं होतं. "वरून दगड कोण टाकतंय?"

टपावर पुन्हा टप असा आवाज झाला. जरा थांबून, टप टप. सुपारीएवढे खडे. इरावतीने काचेतून वर पाहिलं. दरड येण्याआधी डोंगर असाच सुटू लागतो.

आबांनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, पण लागलं नाही. पुन्हा फिरवली, तेव्हा कण्हणंही बारीक झालं.

"मरू दे," आबा म्हणाले. "उतारच हाय. न्यूट्रल करून सोडतो, आपसूक पोलादपुरात जातीय बघ."

 इंजिन बंद, म्हणजे ब्रेकला मिळणारा जोरही बंद. साठलेला असतो तो दोन-तीन वेळा दाबण्यापुरता. मग पेडल दगड होतं. आणि खाली तर वळणावर वळणं होती.

आबांचा हात हँडब्रेकवर गेला. तिने त्यांचं मनगट धरलं. लग्नानंतरच्या आठ वर्षांत नमस्काराला पायांना हात लावण्यापलीकडे तिने त्यांना स्पर्श केला नव्हता.

"आबा, नको. ब्रेक लागणार नाहीत. डिझेलमध्ये पाणी आहे."

"येडी का काय गो? तुझ्यादेखत गाळलंय मी!"

"पाणी फडक्यातून येतंच, आबा. मला सकाळीच कळलं होतं."

"मग सकाळी काय तोंड शिवलं व्हतं?"

इरावतीने दार उघडलं. खाली उतरून तिने बोनेट उचललं. अंकिताची पाण्याची बाटली तिने रिकामी केली, फिल्टरच्या बुडाशी धरली आणि खालचा स्क्रू सैल केला. बाटली भरली तशी उजेडाकडे धरली. वर पिवळसर डिझेल, खाली चार बोटं नितळ पाणी.

"बघा."

आबाही उतरून पुढे आले आणि बाटलीवर वाकले. तेवढ्यात नारळाएवढा दगड मागच्या चाकाला घासून गेला आणि दरीत उतरला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

"सोड," आबांचा आवाज चिरकला. "सगळं पाणी सोड. मी पंप मारतो."

तीन बाटल्या ओतल्यावर पाणी यायचं थांबलं. स्क्रू बसवताना घाईत आटे जुळेनात. शेवटी तिने तो आधी उलटा फिरवला, खाचेत बसल्याची टिचकी ऐकली, आणि मग आवळला. आबा फिल्टरवरचा हातपंप तळव्याने दाबत होते.

"कडक झाला गो. डिझेल भरलं."

"बॅटरी एकदाच पुरेल, आबा."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, अडलं, आणि पांढरा धूर ओकत लागलं.

पहिल्या गिअरमध्ये दोन वळणं उतरली असतील. मागे डंपर रिकामा करावा तसा लांबलचक आवाज झाला. दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही. अंकिता मागे तोंड करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आई, धुकं लाल झालं."

पोलादपुरात दवाखान्यापुढे जीप थांबली. इरावतीने अंकिताला उचलून घेतलं. आबा मात्र सीटवरच होते, एक हात किल्लीवर ठेवून. तीस वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाने सुनेकडे पाहिलं.

"बंद करू काय?"

टाकीत अजून किती पाणी आहे, कोण जाणे. तिने धडधडणाऱ्या बोनेटवर हात ठेवला.

"नको, आबा. इतक्यात नको."