गैरहजर गडी

रावजी तांडेलचा एकटेपणा त्याच्या मुलाने, हर्षदने, गणपतीला घरी आला तेव्हा चहा निवेपर्यंत मिटवून टाकला. बापाच्या मोबाइलवर ल्युडोचा खेळ टाकला. लाल सोंगट्या बापाला, हिरव्या स्वतःला, पिवळ्या बायकोला, म्हणजे दीपालीला, आणि निळ्या राहीला, रावजीच्या नातीला. "रोज संध्याकाळी भेटायचं, बाबा. तुम्ही इथे, आम्ही मुंबईत, पण पट एकच." बायको गेल्यापासून रावजीच्या घरात भांड्यांशिवाय कोणी बोलत नसे. त्याला हे पटलं.

सुरुवातीला खरोखर मजा आली. खेळात माइक होता. "आजोबा, तुमची सोंगटी खाल्ली!" म्हणून राही किंचाळायची आणि "थांब गो, तुला खाडीत बुडवतो," म्हणून रावजी उलट ओरडायचा. पण रावजीचा उभा जन्म बोटीच्या इंजिनाच्या वरताण बोलण्यात गेलेला. त्याचा आवाज मुंबईतल्या शेजाऱ्यांच्या भिंतींतून आरपार जाऊ लागला. "बाबा, तुम्ही माइक बंद ठेवा. ऐकू तर येतंच ना सगळं," हर्षद म्हणाला. रावजीने बंद ठेवला. दिवाळीनंतर हर्षदचाही माइक बंद असायचा. ऑफिसचे कॉल असतात म्हणे. एकूण, कुटुंबात रावजी चार लाल सोंगट्यांएवढा उरला. पण एकटेपणा अधिकृतपणे मिटलेला होता, तक्रार कोणाकडे करणार?

मग शिमगा जवळ आला. देवीची पालखी दारात आली की घरच्या माणसाने तिला खांदा द्यायचा, ही वाडीची रीत. रावजीचा गुडघा गेलेला. गेल्या शिमग्याला शेजारच्या गुरुप्रसादने खांदा दिला आणि सबंध वाडीने "हर्षद नाय आला?" असं इतक्या आपुलकीने विचारलं, की रावजीने आठवडाभर घराबाहेर तोंड काढलं नाही. यंदा हर्षदने यायलाच हवं होतं.

"बघतो," हर्षद फोनवर म्हणाला. "आणि रोज भेटतोच की आपण, बाबा."

तेव्हा रावजीच्या डोक्यात उजेड पडला. रोज भेटणाऱ्या माणसाला भेटायला कोण येणार? खेळानेच घात केला होता.

समुद्रात बिनतारी यंत्रावर एखादी बोट उत्तर देईनाशी झाली, की बाकीच्या बोटी जाळी आवरून तिला शोधायला निघतात. रावजी स्वतः निघाला होता, दोनदा. तोच हिशेब त्याने इथे लावला. संध्याकाळी खेळ सुरू करायचा, मोबाइल फळीवर ठेवायचा आणि गुरुप्रसादच्या पडवीत जाऊन बसायचं. लाल सोंगट्या हलल्या नाहीत, की मुंबईत धाबं दणाणणार.

धाबं दणाणायला वेळ लागत होता. अखेर एका दुपारी हर्षदचा फोन आला. रावजीने आवाज मुद्दाम खोल केला.

"बाबा, काय खेळताय हल्ली! काल तुम्हीच पहिले आलात म्हणे! बरं वाटलं. पालखीचं काय, व्हिडिओ कॉल करा, आम्ही इथून नमस्कार करू."

त्या संध्याकाळी रावजी फळीसमोर उभा राहिला. फासा आपोआप फिरला. लाल सोंगटी टुणटुण उड्या मारत गेली आणि दीपालीची सोंगटी खाऊन थांबली. त्याने गुरुप्रसादला हाक मारून बोलावलं.

"काका, गडी उठून गेला तर यंत्र त्याच्या वतीने खेळतं. नायतर बाकीचे खोळंबतील ना?"

"बरं खेळतं काय?"

"तुमच्यापेक्षा बरं," गुरुप्रसाद म्हणाला आणि रावजीचं तोंड बघून घरी गेला.

रावजीने माइक सुरू केला. "हर्षद! मी इतके दिवस खेळतच नव्हतो. एकालाही कळलं नाय?"

"आजोबा? मग जिंकलं कोण?" राहीने विचारलं.

"तू गप्प. हर्षद, तुझ्याशी बोलतोय मी."

 उत्तराऐवजी हिरवा फासा फिरला. हिरवी सोंगटी पुढे सरकली, आणि आपल्या पुढच्या पाळीची वाट पाहत थांबली. तिच्या चालण्यात कसलीही घाई नव्हती, की शरम नव्हती.

"हर्षद!"

"बाबा," दीपालीचा दबका आवाज आला, "राही, जा तू आत. बाबा, ते नाहीयेत इथे. दिवाळीत त्यांची नोकरी गेली. आता एका गोदामात रात्रपाळी करतात. खेळ सुरू करतात आणि मोबाइल खिशात टाकून कामाला लागतात. नवीन जागा, सुट्टी मागायला भितात. तुम्हाला सांगू नको म्हणाले. आज रागावू नका त्यांना."

लाल आणि हिरव्या सोंगट्या एकमेकींना चुकवत छान चालल्या होत्या.

"मला तू काय सांगितलं नायस, असंच धर," रावजी म्हणाला. त्याला स्वतःलाच ऐकू येईना इतका तो आवाज लहान होता. "जेवतो काय वेळेवर?"

"डबा नेतात."

शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा रावजीने गुरुप्रसादला पुढे केलं. ढोल वाजत होते, वाडीतल्या भागूबाईने देवीची ओटी भरता भरता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंच, "यंदापण हर्षद नाय?"

"कसा येईल?" रावजी बोटीवरच्या आवाजात ओरडला. "मोठा साहेब झालाय तो! कंपनीचं त्याच्यावाचून पान हलत नाय!"