उसन्या शेगड्या

आमचे हे ऑडिटमध्ये आहेत. तुलना केल्याशिवाय केळीसुद्धा घेत नाहीत. त्यामुळे मागच्या लॉनवर बार्बेक्यू हवा असं ह्यांच्या मनात आलं, तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि भाजी चिरत राहिले.

बदली होऊन चंदीगडला आलो त्याला वर्ष उलटून गेलं होतं. लेक पुण्याला शिकायला. इथे रस्ते रुंद, झाडं शिस्तीत आणि शेजारी गाडीतून उतरले की थेट घरात. सांगलीत मी कोथिंबीर आणायला गेले की जेवणाच्या वेळेला परतायचे. इथे जाते आणि येते. कोथिंबीर ताजी राहते, माझा मात्र जीव गुदमरतो.

“घेण्याआधी वापरून बघू,” हे म्हणाले आणि शेजारच्या सोढींची कोळशाची शेगडी उसनी आणली. गोल, झाकणाची. हे वेताच्या खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकत होते, मी पुठ्ठ्याने वारा घालत होते. निखारे फुलेपर्यंत भूक मेली. वांगं मात्र असं भाजलं गेलं की भरीत चाटूनपुसून संपलं.

भांडं रिकामं परत देऊ नये, ही आईची शिकवण. शेगडी हे भांडं आहे का, यावर आमचा वाद झाला. मी जिंकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरीत केलं आणि त्याचा डबा जाळीवर ठेवून शेगडी घेऊन गेले.

“ये क्या जी? अंदर आओ, बैठो!” सोढीबाई म्हणाल्या. बसले. त्यांचे गुडघे, कॅनडातला मुलगा, सुनेचा स्वभाव, सगळं झालं. पुढच्या आठवड्यात माझा डबा पिन्न्यांनी, म्हणजे इकडच्या कणकेच्या लाडवांनी, भरून परत आला.

मग समोरच्या बन्सलांची गॅसची आणली. बटण फिरवलं की पेटते, राख नाही, धूर नाही. “चवही नाही,” मी म्हटलं. चव होती. ती शेगडी मी भाजलेल्या रताळ्यांसकट परत केली आणि बन्सलबाईंनी मला जेवायलाच ठेवून घेतलं.

वरच्या मजल्यावरच्या ऋचाची विजेची. वायर लॉनपर्यंत पोचेना, म्हणून पॅसेजमध्येच पनीर भाजलं. परत करताना सोबत थालीपीठं नेली. ती खात ऋचा अंधार पडेपर्यंत नवऱ्याविषयी बोलली. चांगलं काहीच नाही. मला फार बरं वाटलं.

थंडी सरता सरता एका रविवारी ह्यांनी निकाल दिला. “गॅसचीच. चल, सेक्टर बावीसला जाऊन घेऊन येऊ.” बूटही घातले होते.

“नको,” मी म्हटलं.

“आता काय राहिलं? तिन्ही वापरून झाल्या की.”

माझं टाळकंच फिरलं. “घरची शेगडी आली की मी कुणाच्या दारात काय परत करायला जाऊ? तुम्हाला ऑफिस आहे. मला इथे फार एकटं वाटतं हो.”

हे गाडीची किल्ली परत खुंटीला लावून आले. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

“कोळशाची चाचणी तशी नीट झाली नाही,” हे खाली मान घालूनच म्हणाले. “त्या दिवशी वारा होता. सोढींकडून पुन्हा आणायला हवी. तूच जा.”