काचेच्या कपाटातला पेचकस

मित्रांनो, माझे टोक पाहून तुम्ही मला छिन्नी म्हणालात तरी मी रागावणार नाही. मी एक जुना पेचकस आहे, पण आता तसा दिसत नाही. शिरपूर जैनजवळच्या एका घरात, काचेच्या कपाटात, न वापरलेल्या कपबशांशेजारी मला ठेवले आहे. पाहुण्यांना वाटते, हा मान आहे. तो मान नाही, एवढे सांगण्यासाठीच आज तोंड उघडतो आहे.

मालेगावला हिरालालच्या दुकानात माझी निवड झाली. भाजीपाला पिकवणारे जगदेव आले आणि पेचकस मागितला. हिरालालने विचारले, "काम कोणतं?"

"सगळेच," जगदेव म्हणाले.

हिरालालने तीन पेचकस समोर ठेवले. एक बारीक, टोकापर्यंत प्लास्टिकचे वेष्टन चढवलेला, तो घरातल्या विजेच्या बोर्डासाठी. दुसरा फुलीच्या टोकाचा. तिसरा मी. माझे पाते रुंद, आणि सळई लाकडी मुठीतून आरपार जाऊन मागे तिची लोखंडी टोपी झालेली, म्हणजे वरून हातोडी मारायची सोय. हा विजेच्या कामाचा नव्हे, असे हिरालाल सांगू लागला.

"मी काय डागदर हाय का, एवढी औजारं ठेवाले? एकच दे, पन दमदार दे."

गिऱ्हाईक उठायला लागले की दुकानदाराचे ज्ञान आटते. हिरालालने मला कागदात गुंडाळले आणि मी छाती फुगवून निघालो.

पहिली वर्षे मजेत गेली. फवारणी पंपाचे नट, रंगाचे डबे, दाराची कडी, अडलेला खिळा, सगळीकडे मी. गल्लीत माझे नाव झाले. लोक मागून नेत. नेताना पेचकस म्हणून नेत, वापरून अर्धी छिन्नी करत आणि परत देताना म्हणत, घ्या, जसाच्या तसा.

घरातले बोर्डही मीच उघडायचो. फुलीच्या खाचेत माझे रुंद पाते बसत नाही. मग जगदेव माझा एक कोपरा घुसवत. कोपरा सटके आणि खाच घासली जाई. मी मोजून ठेवले आहे, पंधरा वर्षांत सतरा स्क्रू. मला कोणी दोष दिला नाही. सगळे म्हणत, स्क्रूच हलका होता. मीही तेच म्हणत असे. याची मला आज लाज वाटते.

मग जगदेवांच्या मुलाचे, मुन्नाचे लग्न झाले आणि ज्योत्स्ना सून होऊन आली. तिने कारंज्याला वायरमनचा कोर्स केला होता. वडिलांनी भांड्यांसोबत तिला पेचकसांचा एक संच दिला होता, सगळे वेष्टनाचे, सोबत टेस्टर. सासू सोजरबाईंनी तो प्लास्टिकच्या पन्नीसकट काचेच्या कपाटात ठेवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. चांगली वस्तू वापरली की खराब होते, असा त्या घराचा नियम. टीव्हीचा रिमोटसुद्धा पन्नीतच असे. ज्योत्स्नाचे शिक्षणही त्याच नियमाने कपाटात गेले. पाहुण्यांना दाखवायचे, वापरायचे नाही.

या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या बोर्डातून चरचर आवाज येऊ लागला. मिक्सर लावला की जळका वास सुटे. एका दुपारी जगदेवांनी मला हातात घेतले. ज्योत्स्ना पुढे आली.

"मामाजी, आतला स्क्रू ढिला झाला. मेन बंद करा अन् मले करू द्या. मी शिकली हाय."

"तुले काही झालं तं तुह्या बापाले काय तोंड दाखवू? तू सर."

त्या बोलण्यात माया होती, म्हणून ती बाजूला सरली. मेन स्विच मात्र कोणी बंद केला नाही. सोजरबाईंची मालिका चालू होती, एवढेच कारण.

फरशी नुकतीच पुसलेली, जगदेवांचे पाय अनवाणी, तळहात माझ्या लोखंडी टोपीवर. दोन स्क्रू कसेबसे निघाले, तिसऱ्याची खाच मी घासून टाकली. मग त्यांनी मला फटीत घालून बोर्ड उचकटायला सुरुवात केली. मी घसरलो आणि आतल्या पट्टीला जाऊन भिडलो.

मित्रांनो, विजेला माझ्यातूनच वाट मिळाली. ज्या हाताने पंधरा वर्षे मला घासूनपुसून ठेवले, त्याच हातात मी ती सोडली. त्यांची मूठ उघडेना. सोजरबाई त्यांना धरायला धावल्या.

"आत्याबाई, हात नका लावू त्यायले!" असे ओरडत ज्योत्स्ना उलट दिशेला, ओसरीकडे पळाली आणि तिने मेन खाली ओढला.

जगदेव खाली बसले. मी त्यांच्याजवळ पडलो. तळहातावर माझ्या टोपीएवढा गोल डाग उमटला होता. मालेगावच्या डॉक्टरने पट्टी बांधली, छाती तपासली, नशीब म्हणाला.

परतल्यावर सोजरबाई कपाटाकडे गेल्या. पन्नी निघेना तेव्हा त्यांनी ती दातांनी फाडली आणि संच सुनेच्या हातात दिला.

मेन बंदच होता, तरी ज्योत्स्नाने टेस्टर लावून खात्री केली. मी खराब केलेल्या स्क्रूवर तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, त्यावर पेचकस दाबून सावकाश फिरवला. रबराने पकड धरली आणि स्क्रू निघाला. जगदेव डाव्या हातात मोबाईलचा टॉर्च धरून उभे होते.

"आता कोनता देऊ?" त्यांनी विचारले.

"काम पाहा न, मामाजी. आतली खाच बारीक हाय, सरळ हाय."

त्यांनी वाकून पाहिले आणि बरोबर तोच दिला.

मला वाटले, आता मी उकिरड्यावर. पण जगदेवांनीच मला उचलून संचाच्या रिकाम्या जागी ठेवले. बाहेर राहिला तर घाईत हात यालेच जाईल, म्हणाले. मी काचेआड आहे तो असा.

मित्रांनो, दुकानदाराने "काम कोणतं?" असे विचारले तर "सगळेच" म्हणू नका. मी ते उत्तर होतो. आणि घरात कोणाची विद्या पन्नीत गुंडाळून ठेवली असेल, तर डाग पडण्याआधी ती पन्नी फाडा.

काल शेजारचा गणेश मला मागायला आला. जगदेवांनी विचारले, काम कोणतं? न्हाणीचा बोर्ड उघडायचा आहे, तो म्हणाला.

"मंग तो नाही भेटत. घरी जाऊन मेन बंद कर. सुनेले धाडतो."

ज्योत्स्ना आपली पिशवी घेऊन माझ्यासमोरून गेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि तेच बरे झाले. तुमच्याकडे एखाद्या डब्याचे झाकण अडले असेल, तर मात्र काच सरकवा. तेवढे मला नीट येते.