जमीन वर आणू

“ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं, तो न्हाव्याच्या दुकानात बसून माझ्या पायाचे वाभाडे काढतो! आणि तेही अर्धी दाढी झालेली असताना!”

वहिनीने उजव्या पायातला बूट काढला आणि दाणकन टेबलावर आदळला. सुनेने वाटाणे सोलायला घेतले होते. तिने भांडं लगबगीने आपल्याकडे ओढलं.

“आई, टेबलावर नको ना.”

“का नको? सगळी गल्ली त्याच्याविषयी बोलते. मग वर बसूनच ऐकू दे त्याला.”

बूट तरी केवढा! डावा चारचौघांसारखा, पण उजव्याचा तळ विटेएवढा जाड. कातड्याचे पदर एकावर एक चिकटवून, ठोकून केलेला. त्यातले खालचे पदर सुटून बुटाने आ वासला होता. वहिनीने सकाळपासून त्याला दोरीने बांधून पाहिलं होतं, पण दोरीवरून पाय घसरायचा.

नात्याने ती वहिनी एकाचीच, धाकट्याची. धाकटा म्हणजे तिचा दीर. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा नाक पुसायचंही न कळणारं हे पोर आईविना वाढत होतं. त्याने ‘वहिनी, वहिनी’ करून असा काही आरडाओरडा केला, की साऱ्या गल्लीची ती वहिनी झाली. आता तो सत्तरीकडे झुकला होता आणि गल्लीच्या टोकाला जोडे बनवत होता.

“नक्की काय म्हणाला? पुन्हा सांग,” वहिनी म्हणाली.

“हे शेजारच्या खुर्चीत होते, यांनीच ऐकलं. काका म्हणाले, थोरल्यांनी तीन शब्द दिले. गल्लीत भांडण राहणार नाही म्हणाले, तर रोज कचऱ्याच्या डब्यावरून जुंपते. मी तुम्हाला सोडून जाणार नाही म्हणाले, नि खोकून खोकून गेले. आणि वहिनीचा पाय सरळ होईल म्हणाले, तर…” सून थांबली.

“गिळू नकोस. वाटाणा घशात अडकेल.”

“तर म्हणाले, आमची वहिनी अजून होडीसारखी डुलत जाते. म्हणून रविवारी मी काही येत नाही प्रार्थनेला.”

वहिनीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. होडी! उपमा मेल्याने बरी दिली होती. पण लगेच तिने चेहरा आवळला.

“बरोबर आहे. डुलते. पण बुडाले का कधी?”

सून हसली. सासूच्या तोंडाची तिला भीती वाटत नसे, कारण त्या तोंडाचा मारा नेहमी बाहेरच्या दिशेला असे. घरात सगळं ठीक होतं. लेक कामाला जात होता, सून मनासारखी होती, सकाळी खिडकीत ऊन येत होतं. वहिनीला आयुष्याकडून आणखी काही नको होतं. फक्त थोरल्यांना कुणी खोटं म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

थोरले म्हणजे घरातले कुणी नव्हे, धाकट्याच्या आधी त्याच दुकानात जोडे बनवणारे. संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत चार माणसं येऊन बसत आणि थोरले हातातलं काम करता करता बोलत. ग्रंथ नाही, गादी नाही. म्हणायचे, “मागे राहिलेल्यासाठी थांबा. देव त्याच्याबरोबरच चालत असतो. पुढे पळालात तर दोघंही चुकतील.” म्हणून त्या खोलीत शेवटचा माणूस आल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नसे. चाराचे चाळीस झाले, मग गावोगावी अशा खोल्या झाल्या, आणि थोरल्यांच्या नावाचा पंथ झाला.

पायाची गोष्ट त्याच्याही आधीची. वहिनी तेव्हा एवढीशी होती, पण कडेवर घेण्याचं वय उलटून गेलेलं. तरी आईने तिला कडेवरच दुकानात आणलं. थोरल्यांनी मोजपट्टी काढलीच नाही. तिला उभं केलं आणि तिच्या दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेलं पसरट भांडं दिलं. पाणी उजवीकडून सांडलं. त्यांनी उजव्या पायाखाली कातड्याचा तुकडा सरकवला, भांडं पुन्हा भरलं. पुन्हा सांडलं. तुकड्यावर तुकडा चढत गेला, तिचा फ्रॉक भिजून गेला, आणि मग एकदा पाणी काठाशी येऊन शहाण्यासारखं थांबलं.

“पाय सरळ होईल का हो?” आईने विचारलं होतं.

“ते माझ्या हातात नाही,” थोरले म्हणाले. “हिचा पाय जमिनीपर्यंत पोचत नाही ना? मग आपण जमीन वर आणू.” आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “पोरी, तू चालशील तोवर तुझ्या पायाखाली जमीन कमी पडणार नाही.”

एवढंच. पण गोष्टीचं भिजत घातलेल्या चण्यांसारखं असतं, ठेवली की फुगते. शेजारच्या गावात पाय सरळ झाला. त्याच्या पुढच्या गावात मुलगी धावायला लागली. नदीपलीकडे तर तिने म्हणे भिंतीवरून उडी मारली. लांबून माणसं ‘ती मुलगी’ बघायला येत आणि दारात ही डुलणारी, खेकसणारी म्हातारी बघून त्यांचे चेहरे पडत. वहिनी त्यांना चहा पाजी आणि खरं काय ते सांगे. त्यांना ते आवडत नसे.

दुपारी अध्यक्ष आले. हे निवृत्त पोस्टमास्तर. आता प्रार्थनेच्या खोलीची व्यवस्था बघत. रविवारी थोरल्यांचा स्मरणदिवस होता, आणि बाहेरगावचे पाहुणे येणार होते. ते बराच वेळ चहात बिस्किट बुडवत राहिले. अर्धं बिस्किट तुटून आत पडलं.

“वहिनी, एक विनंती होती. रविवारी तुम्ही जरा लवकर या. सगळ्यांच्या आधी.”

“का?”

“म्हणजे… पुढच्या खुर्चीत बसून घ्या. मग उठायचं नाही. बसूनच बोला. काय आहे, आधीच धाकट्याने नको ते पसरवलंय. त्यात पाहुण्यांनी तुम्हाला चालताना…”

“बघितलं तर त्यांची श्रद्धा लंगडी होईल?”

अध्यक्षांनी चमच्याने बिस्किट शोधायला सुरुवात केली.

“एक जण म्हणतो पाय वाकडा म्हणून थोरले खोटे,” वहिनी म्हणाली. “दुसरा म्हणतो थोरले खरे, म्हणून पाय लपवा. तुम्ही दोघं एकाच न्हाव्याकडे जाता का हो?”

ते गेल्यावर मात्र ती सुटलेला बूट मांडीवर घेऊन बसली. पाय चर्चेत होता याचं तिला फारसं काही नव्हतं, पाय जन्मभर चर्चेतच होता. पण रविवारी धाकट्याविना ती खोली? तिनेच त्याला थोरल्यांकडे कामाला लावलं होतं. ‘हुंदडतोय नुसता, काहीतरी शिकवा’ म्हणून. थोरल्यांमागे दुकान त्याच्याकडे आलं, आणि तेव्हापासून तिचा बूट त्याच्याच हातचा. दर वर्षी पाण्याचं भांडं, दर वर्षी भिजलेली बाही. आज तो प्रार्थनेतून उठला, तर उद्या घरातूनही उठेल. मग सणकीत एकमेकांना न बोलता दोघंही म्हातारे मरतील. तिला तिची जीभ ठाऊक होती आणि त्याचीही.

पण म्हणून त्याच्याकडे बूट घेऊन जायचं? तिने ठणकावून सांगितलं, “त्याच्या हातचा टाकासुद्धा नको मला.” आणि नव्या चौकातल्या दुकानात गेली. तिथला दुकानदार बिचारा भला होता. त्याने बूट उलटासुलटा करून पाहिला, “आजी, असं काम आता कुणी करत नाही” म्हणाला, आणि खालचे सुटलेले पदर काढून तिथे रबराचा ठोकळा चिकटवून दिला. पाणीबिणी काही नाही. परत येताना वहिनीला वाटलं, एका पायात बूट आहे आणि दुसऱ्यात उंबरठा. टप्प, टप्प, टप्प. धाकट्याच्या दुकानासमोर तिने मान ताठ केली आणि दुकानाकडे ढुंकूनही न पाहता पुढे गेली. घरी पोचेतो कंबर धरली.

रविवारी खोली भरली. ही थोरल्यांचीच मागची खोली. मधली भिंत पाडून मोठी केलेली, पण दुकानात उघडणारं दार तेच. वहिनी अध्यक्षांनी सांगितलं त्या वेळेला नाही, तर आपल्या वेळेला आली, सुनेचा हात धरून, सगळ्यांच्या देखत. पाहुण्यांत कुजबुज झाली. एक बाई शेजारणीला म्हणाली, “ही ती नव्हे. तिची आई असेल.”

“मीच ती,” वहिनी म्हणाली. “उडी मारून दमले.”

अध्यक्ष उभे राहिले, घसा खाकरला. “तर मंडळी, सगळे आले आहेत…”

“सगळे नाही आले.”

“वहिनी, तो येणार नाही म्हणालाय.”

“तो म्हणालाय. थोरल्यांनी काय सांगितलंय? तो म्हणेल तसं करा, असं?”

तेवढ्यात सगळ्यांना ऐकू आलं, दारापलीकडे दुकानात कुणीतरी हातोडी चालवत होतं. ठक, ठक. थांबून पुन्हा ठक.

म्हणजे मेला तिथेच बसला होता. घरी नाही, न्हाव्याकडे नाही. भिंतीला चिकटून.

वहिनी उठली. सुनेने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. पुढच्या खुर्चीपासून त्या दारापर्यंत सगळ्या खोलीतून जावं लागे. ती निघाली, रबराच्या ठोकळ्यावर, डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत, अक्षरशः होडीसारखी. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. तिने दार ढकललं आणि उघडंच ठेवलं.

धाकटा जोडे ठोकायच्या ऐरणीसमोर बसला होता. त्याच्या मांडीत नवा कोरा उजवा बूट होता.

“दार लोट,” तो मान वर न करता म्हणाला. “तुझी मंडळी ऐकतील.”

“ऐकू देत. न्हाव्याकडे दार लावून बोलला होतास का?”

“बस.”

“बसायला नाही आले.”

“मग उभी राहा. तेच पाहिजे मला.” त्याने तिच्या पायाकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “ती कसली वीट बांधलीयेस? परवा दुकानावरून गेलीस, मान वर करून. टप्प, टप्प. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं.”

“ते राहिलंय अजून.”

“हे थोरल्यांसाठी नाही करत मी. आधीच सांगतो. तळ उसवलेला दिसला, झोप लागेना, म्हणून करतोय.”

“मी कुठे काय म्हटलं?”

त्याने तेच पसरट भांडं काढलं. काठाला पोचे पडलेले. भरून तिच्या हातांत दिलं आणि गुडघे धरत तिच्या पायाशी बसला. नव्या बुटात तिने पाय घातला. पाणी उजवीकडून सांडलं, त्याच्या डोक्यावर.

“कंबर खचलीये तुझी,” तो पाणी पुसत म्हणाला. “यंदा एक पदर जास्त लागेल.”

त्याने पातळ तुकडा सरकवला. पाणी हललं, पण सांडलं नाही. तरी तो उठला नाही. खाली मान घालूनच म्हणाला,

“मी तुम्हाला सोडून जाणार नाही, म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते, वहिनी. गेल्या वर्षी ही गेली, तेव्हा दवाखान्यात मी आणि समोरची भिंत. दोघंच.”

म्हणजे हे होतं. वहिनीला वाटलंच होतं. धाकटी जाऊ गेल्यापासून या माणसाने कुणाशी धड भांडणही केलं नव्हतं, थोरल्यांशी सोडून.

“भिंत?” ती म्हणाली. “त्या भिंतीला पाठ टेकून मी बसले होते. विसरलास?”

“तू होतीस गं. ते कुठे होते?”

भांड्यातलं पाणी थरथरलं. वहिनीने खोटं उत्तर शोधलं नाही.

“मला काय ठाऊक,” ती म्हणाली. “मी काही त्यांची कारकून नाही.”

धाकट्याने बाहीने नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसंच. पाणी हळूहळू थांबलं. काठाला लागून, कुठेही न कलता. उघड्या दारातून पाहुणे माना उंचावून बघत होते.

वहिनीने भांडं त्याच्या हातात दिलं, नव्या बुटाने जमिनीवर एकदा दाबून पाहिलं, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तुझ्या बायकोचं मला सांगता येत नाही. भांडणाचं म्हणशील, तर गल्लीत कोण भांडतं ते तुला नि मला माहीत आहे. पण पायाचं मी सांगणार, कारण पाय माझा आहे. तो सरळ होईल, असं थोरले कधीच म्हणाले नव्हते. जमीन कमी पडणार नाही म्हणाले, आणि नाही पडली. ते गेल्यावर ती वर कुणी आणली रे? त्यांचा शब्द आजवर तू पाळलास, आणि तोंडावरचा साबण पुसत त्यांना खोटंही तूच पाडलंस. ते खोटे नव्हते. तूही खोटा नाहीस. गाढव आहेस. ऊठ, हात धू. माणसं थांबलीत तुझ्यासाठी.”