पंच्याहत्तर टक्के

साधना कोंढाळकर वेल्हे तालुक्यात विशेष शिक्षिका होती. नोकरी कंत्राटी, शाळा चौतीस. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा समजायला वेळ लागतो, त्यांच्या घरी जायचं, आईबापांना धीर द्यायचा आणि दिव्यांग प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांच्यासोबत फिरायचं, हे तिचं काम.

गुंजवणे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या खांद्यावर चार घरांची धनगरवस्ती आहे. तिथल्या रायबा आणि पारूबाईची मुलगी प्रगती नऊ वर्षांची झाली तरी दहा-बारा शब्दांपलीकडे बोलत नव्हती. पण रोज सकाळी चुलतबहिणींबरोबर पाऊण तास डोंगर उतरून ती पायथ्याच्या शाळेत जायची. तिसरीच्या वर्गात बसून वहीवर रेघोट्या ओढायची. दुपारी खिचडीच्या ताटल्या तीच वाटायची, आणि कोण आलेलं नाही हे गुरुजींच्या आधी तिच्या लक्षात यायचं.

रायबाला प्रमाणपत्र नको होतं. पोरीवर एकदा शिक्का बसला की पुसला जात नाही, असं त्याचं म्हणणं. साधना तीनदा डोंगर चढून गेली. एसटीची सवलत मिळेल, पुढे पेन्शन मिळेल, शाळेला तिच्याकडे वेगळं लक्ष द्यावंच लागेल, असं तिनं समजावलं. पारूबाईला यातलं शेवटचं, शाळेचं, पटलं आणि तिच्या आग्रहापुढे रायबा नमला.

पुण्याच्या सरकारी रुग्णालयाच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या वेळी आधार कार्डावर आणि जन्माच्या दाखल्यावर आडनाव वेगळं निघालं. तिसऱ्या वेळी चाचणी झाली. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी प्रगतीपुढे चित्रं मांडली, त्यांत लिफ्ट होती, सिग्नल होता, विमानतळ होता. प्रगती चित्रांकडे न बघता मॅडमच्या बांगड्यांकडे बघत राहिली. महिन्याभरानं प्रमाणपत्राचं कार्ड आलं. बौद्धिक दिव्यांगत्व, पंच्याहत्तर टक्के. साधनानं ते स्वतः वर नेऊन दिलं. पारूबाईनं तिला खरवस खाऊ घातला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पंधरा दिवसांनी साधना गेली तेव्हा प्रगती वर्गात नव्हती. मुख्याध्यापक आनंदराव सरांनी शांतपणे फाईल काढली. प्रगतीची नोंद आता गृहाधारित शिक्षणात होती, म्हणजे मुलीनं घरी राहायचं आणि विशेष शिक्षिकेनं घरी जाऊन शिकवायचं. खाली पालकांच्या संमतीची सही होती, रायबाची, वेडीवाकडी.

"आम्ही दोन शिक्षक आणि पाच वर्ग," सर म्हणाले. "ती पाण्याकडे निघून जाते. वाचनाच्या चाचणीत सगळ्या शाळेचा आकडा खाली येतो. आता कार्डच आहे, तर तिला घरी ठेवणं नियमात बसतं."

साधना तडक वस्तीवर गेली. सही का केली, असं तिनं विचारलं. रायबा शेरडांना पाला टाकत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"तुमीच सांगितलं हुतं, पेन्सिलीची फुली दिसंल तितं सही करायची. सरांनीबी फुली मारून दिली."

ते खरं होतं. वर्षभरात त्या दोघांसमोर तिनं अकरा कागद ठेवले होते. घाई असायची, एसटी गाठायची असायची. एकही कागद तिनं त्यांना पूर्ण वाचून दाखवला नव्हता.

पारूबाई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाई, कागद नव्हता तवा पोर शाळंत बसत हुती. ह्यो कागद माघारी देता येतो का?"

प्रगतीला पुन्हा वर्गात बसू द्यावं, असा अर्ज साधनानं तिथेच लिहिला. या वेळी ओळ न् ओळ वाचून दाखवली. रायबानं सही करायला नकार दिला, पारूबाईनं अंगठा उठवला. अर्ज तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला गेला, त्रुटी काढून परत आला, पुन्हा गेला. दरम्यान साधना महिन्यातून एकदा वर जाऊ शकायची. चौतीस शाळांत त्याहून जास्त जमत नव्हतं. सुरुवातीला प्रगती दप्तर अडकवून अंगणात उभी असायची. दिवाळीनंतर तिनं दप्तर मागणं सोडलं. ताटली हातात दिली तरी ती मांडीवर उलटी घालून बसायची. जे दहा-बारा शब्द बोलायची, त्यातलेही चारच राहिले.

जानेवारीच्या अखेरीस आदेश आला, मुलीला नियमित वर्गात बसू द्यावे. साधना आणि पारूबाई तिला घेऊन खाली उतरल्या. पोरींनी तिला हाक मारली. प्रगती दारातच थांबली, दोन्ही हातांनी कान दाबले आणि ओरडायला लागली. आत नेल्यावर तिनं कपडे ओले केले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एक मुलगी नाक धरून हसली. आनंदराव सरांनी बादली मागवली आणि फरशी धुऊन घेतली.

चौथ्या दिवशी पारूबाईनं पोरीचा हात धरला. "बास झालं, बाई," ती म्हणाली. "माजी पोर मला हसाया ठिवायची न्हाई."

"दोन आठवडे द्या मला. मी रोज येते."

"तुमी रोज कुठं येता?"

मायलेकी डोंगराच्या वाटेला लागल्या. आदेश पाळला की नाही, याचा अनुपालन अहवाल त्याच दिवशी द्यायचा होता. सरांनी नोंदवही पुढे सरकवली. विशेष शिक्षिकेचा अभिप्राय, या रकान्यात साधनानं लिहिलं : पालकांच्या इच्छेनुसार गृहाधारित.