देवाजीचा दुपट्टा

लटारूने बॅट बुधूच्या हातात कोंबली आणि कुणाकडे न बघता स्टंपांपाशी जाऊन उभा राहिला. बावीस वर्षांनी खेळायला उतरला आणि तिसऱ्याच बॉलला दांडी गुल! पण जाऊन बसायची सोय नव्हती. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरच्या गावांचा सामना व्हायचा आणि त्यात रीतच अशी, की अंपायर बॅटिंगवाल्यांचा. जो आउट होईल त्याने उभं राहायचं.

पलीकडच्या गावचा देवाजी शेवटची ओव्हर टाकायला आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण चाल तीच. ओव्हरआधी बॉलरने आपला दुपट्टा अंपायरच्या खांद्यावर टाकायचा, हाही रिवाज. लटारूने नकळत खांदा पुढे केला. देवाजीने गळ्यातला दुपट्टा काढला, घडी केली आणि बांधावरच्या पळसाच्या झुडपावर ठेवून आला.

लटारूने खांदा मागे घेतला.

बावीस वर्षांपूर्वी तो दुपट्टा याच खांद्यावर होता. लटारूच्याच गावच्या झाडू नावाच्या गड्याच्या बॅटची कड लागून बॉल कीपरच्या हातात गेला, तो आवाज बांधावर भजी खात बसलेल्यांनाही ऐकू गेला होता. देवाजीने वळून विचारलं तेव्हा लटारूने मान हलवली. नाही. गाव जिंकलं, लटारूला उचलून नाचलं. देवाजी फक्त आपला दुपट्टा घ्यायला आला आणि पुन्हा कधी या काठावर खेळायला फिरकला नाही. लटारूही त्यानंतर खेळला नाही. गुडघ्याचं निमित्त त्याला तेव्हापासून पुरलं.

"धानाच्या रोवण्यात बरा चालते तुमचा गुडघा," त्याची बायको ललिता म्हणायची. "किरकेटचं नाव काढलं का दुखते!"

यंदा चाळिशी उलटलेल्यांचा सामना ठरला, देवाजी येणार असं कळलं आणि गुडघा एका दिवसात बरा झाला. माफीचे चार शब्द बोलायचे, एवढंच लटारूच्या मनात होतं. सकाळपासून ते तोंडात घेऊन तो फिरत होता. गिळताही येईनात, बाहेरही पडेनात.

दोन बॉल उरले, दोन रन हवे होते आणि बुधू शेवटचा गडी. कापलेल्या धानाचे खुंट तुडवत देवाजी धावत आला. बुधूने बॅट फिरवली. टक्क असा आवाज झाला आणि बॉल कीपरच्या हातात गेला. कीपर ओरडायच्या आत लटारूचं बोट वर गेलं होतं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्याला हलकं वाटलं.

"अबे, जमिनीले लागली ना बॅट!" बुधू ओरडला. "हे माती पाह्य, माती!"

बांधावरून त्याच्याच गावची माणसं धावून आली.

"लटारू, तू कोनच्या गावचा बे?" कुणीतरी विचारलं.

लटारूने बोट खाली घेतलं नाही.

देवाजी पिचवरून सावकाश चालत गेला. बुधूच्या पायाशी वाकून त्याने मातीतला ताजा ओरखडा पाहिला, मग परत येऊन लटारूसमोर उभा राहिला.

"काऊन देलं?"

"आउट होता."

"हा नाई." देवाजीने बॉल पँटला पुसला. "तो होता."



"मालूम हाये मले," लटारू म्हणाला. "तवाच मालूम होतं. चुकलो, देवाजी."

"मंग त्याचा आउट याले काऊन देऊन राह्यला? बोट खाली घे."

बोट खाली आलं. देवाजीने हात उंचावून बुधूला परत खेळायला उभं राहायची खूण केली. त्याच्याच गावचे दोघे-तिघे कुरकुरले, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तो आपल्या रनअपच्या खुणेकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. मग बांधाकडे गेला, पळसावरचा दुपट्टा काढला आणि येऊन लटारूच्या खांद्यावर टाकला.

"धर," तो म्हणाला. "एक बॉल बाकी हाये."

लटारूने दुपट्ट्याचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि बुधूच्या बॅटच्या कडेवर नजर लावली.