टाकीचं पाणी

कोळशाची इंजिनं कधीच गेली होती, तरी गावाचा सगळा तोरा स्टेशनासमोरच्या लोखंडी टाकीवरच होता. आज तर तिला चंदेरी रंगही दिला होता. इथे नुसता उजाड माळ होता, गाडीला पाणी घ्यायला थांबावं लागलं आणि गाव वसलं, ही गोष्ट रेल्वेतले एक निवृत्त सांधेवाले ज्याला त्याला पकडून ऐकवत. गावाच्या शंभरीला तेच फलाटावर बोलणार होते. ती त्यांची धाकटी सून, म्हणून पहिल्या रांगेत बसली होती.

तेवढ्यात तिचे वडील, आप्पा, आले. डोंगरातल्या जुन्या गावाहून, चालत, खांद्याला पाण्याची बाटली अडकवून. त्या गावची माणसं इथे बाजारहाटाला यायची, पण इथलं घोटभर पाणी प्यायची नाहीत. नणंद तिला यावरून टोमणे मारायची, की तुमच्याकडच्यांना आमचं पाणी बाधतं वाटतं. मग तीही हसायची. पाणी न पिण्याचं कारण तिला लहानपणापासून ठाऊक होतं. टाकीतलं पाणी वरच्या झऱ्याचं होतं. नळ टाकून ते खाली आणलं आणि वरच्या विहिरी आटल्या. तिच्या आजीचा जन्म घागरी वाहण्यात गेला. पण सासरी तिने हा विषय कधी काढला नाही. वरच्या गावची म्हणवून घेणंच तिला नको असायचं.

सासऱ्यांनी आप्पांना आग्रहाने शेजारी बसवलं आणि पाण्याचा ट्रे पुढे केला.

"घ्या की व्याहीबुवा. आमच्या पाण्यात काय विष आहे?"

मागच्या दोन रांगा हसल्या. आप्पाही ओशाळं हसले आणि बाटलीवर हात ठेवून, माझ्याकडे आहे पाणी, म्हणाले. नणंदेने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. तिचे कान तापले. तिने पेला उचलून वडिलांच्या हातात दिला.

"आप्पा, चारचौघांत माझं हसं नका करू," ती हळूच म्हणाली.

त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पेला तोंडाला लावला आणि सावकाश, तळाचा थेंब संपेपर्यंत प्यायले.

"कसं आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"गोड आहे. आमच्याकडे असंच होतं म्हणे. आई सांगायची."

सासरे खूश झाले. त्यांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि ते माइककडे गेले. इथे काहीच नव्हतं, त्यांनी सुरुवात केली. टाळ्या पडल्या. आप्पांनीही वाजवल्या. तिच्या हातात रिकामा पेला होता.

कार्यक्रम उरकला, माणसं पांगली. खुर्चीखाली आप्पांची बाटली तशीच होती, काठोकाठ भरलेली. आप्पा अजून रुळांपलीकडे दिसत होते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण वस्तू विसरणारा माणूस तो नव्हता. ती बाटली पोटाशी धरून उभी राहिली, आणि तिच्या तोंडून हाक निघाली नाही.